फळाच्या सालीवरची दुसरी साल

झाडावरून तोडलेले फळ जिवंतच असते. देठ तुटला की मुळांकडचे पाणी आणि पानांकडची साखर बंद होते, श्वसन मात्र चालू राहते. फळ हवेतला ऑक्सिजन घेते, स्वतःतली साखर आणि आम्ल जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. त्याच वेळी सालीतून पाण्याची वाफ निघून जात असते. वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी गेले की बहुतेक फळे सुरकुततात, आणि फळ तोलून विकले जात असल्याने गेलेले पाणी म्हणजे बुडालेला पैसा असतो. शीतगृहात या दोन्ही क्रिया मंदावतात. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की श्वसनाचा वेग साधारण निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. पण थंडीलाही मर्यादा आहे. शीतगृहातल्या पंख्यांची हवा फळातले पाणी ओढते, म्हणून तिथे ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखावी लागते. केळे १३ अंशांखाली गेले तर त्याची साल काळवंडते. आंब्यालाही फार गारठा सोसत नाही. जिथे थंडी पुरत नाही तिथे फळावर पातळ लेप चढवण्याची युक्ती उपयोगी पडते, आणि ही युक्ती शीतगृहापेक्षा शेकडो वर्षांनी जुनी आहे.

लेपाची कल्पना मुळात फळातच आहे. फळाच्या सालीवर क्यूटिन नावाच्या द्रव्याचा अखंड पापुद्रा असतो. त्याच्या आत आणि त्याच्या वर मेण असते. बागेतून नुकतेच तोडलेले सफरचंद बाहीला पुसले तरी चकाकते ते या मेणामुळे. काळ्या द्राक्षावर बोट फिरवले की जो पांढुरका थर निघतो तोही मेणाचाच. या पापुद्र्यातून पाणी फार हळू बाहेर पडते. वायूंची ये-जा मात्र मुख्यतः सालीवरच्या बारीक छिद्रांतून आणि देठाच्या जागेतून होते. त्यामुळे वरून चढवलेला लेप एकाच वेळी दोन कामे करतो: पापुद्र्यावर बसून पाणी अडवतो आणि छिद्रांवर बसून श्वास अडवतो. पाणी जितके अडेल तितके चांगले. श्वास मात्र बेताने अडायला हवा. तो थोडा अडला तर फळातला ऑक्सिजन कमी होऊन पिकणे लांबते. जास्त अडला तर पेशी ऑक्सिजनवाचून साखर आंबवू लागतात, अल्कोहोल आणि अॅसिटाल्डिहाइड साठते, आणि बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या फळाला आतून आंबूस वास येतो. लेपांच्या सगळ्या इतिहासात हाच एक पेच पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

फळाला वरून बंद करण्याच्या सर्वांत जुन्या लेखी कृती भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोल्युमेला याने कार्थेजच्या मागो या आणखी जुन्या लेखकाच्या आधाराने डाळिंबे टिकवण्याच्या रीती नोंदवल्या आहेत. एका रीतीत डाळिंबे तापलेल्या समुद्राच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, उन्हात वाळवून थंड जागी टांगायची. दुसरीत ताज्या डाळिंबावर कुंभाराच्या मळलेल्या मातीचा लेप द्यायचा, माती वाळली की फळ गार जागी टांगायचे आणि खाण्याच्या वेळी ते पाण्यात बुडवून माती धुऊन काढायची. लेपाची आणि थंडीची जोडी अशी पहिल्यापासूनची आहे.

मातीच्या याच गुणावर अफगाणिस्तानात आजही द्राक्षे टिकवली जातात. तिथे या पद्धतीला कंगीना म्हणतात. माती आणि गव्हाचे काड एकत्र मळून तिच्या ताटलीसारख्या दोन वाट्या थापतात आणि उन्हात वाळवतात. एकीत जाड सालीच्या, उशिरा येणाऱ्या द्राक्षांचे किलो-दोन किलो घड ठेवायचे, दुसरी वर उपडी घालायची आणि कड ओल्या मातीने लिंपून टाकायची. हे डबे थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोलीत रचून ठेवतात. शरद ऋतूत बंद केलेली द्राक्षे हिवाळा सरताना, वसंतातल्या नवरोजच्या सुमाराला डबे फोडून विकायला काढतात. मातीच्या भिंतीतून हवा अगदी हळू आत-बाहेर होते. आतला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि बाहेरची बुरशी आत शिरत नाही. शीतगृहाच्या शास्त्राने पुढे ज्याला नियंत्रित वातावरण म्हटले ते काबूलजवळच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी एकाही यंत्रावाचून साधले होते. तरीही फळसाठवणुकीच्या इतिहासात कंगीनाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

प्रत्यक्ष फळाला मेण लावण्याची परंपरा चीनची. सुई घराण्याचा सम्राट वेन (राज्यकाल ५८१ ते ६०४) याच्याविषयी नंतरच्या चिनी ग्रंथांत एक कथा येते. त्याला संत्री फार आवडत, म्हणून सिचुआनातून पाठवल्या जाणाऱ्या संत्र्यांचे देठ मेणाने बंद करत आणि ती बरेच दिवस ताजी राहत. कथा नंतरची असली तरी रीत खरी होती. अकराव्या शतकातल्या ओउयांग शिऊ या विद्वानाने लुओयांगच्या पिओनी फुलांवर लिहिताना राजधानीला पाठवायच्या फुलांचे देठ मेणाने बंद करण्याची चाल नोंदवली आहे. संपूर्ण फळ न माखता नेमका देठच बंद करणे ही बारीक नजरेची गोष्ट होती. देठाची जागा पाणी जाण्याची मोठी वाट असते आणि देठाकडून सुरू होणारी कूज तिथूनच आत शिरते.

११७८ मध्ये हान यान्झी या अधिकाऱ्याने वेन्झोऊ भागातल्या संत्र्यांवर एक ग्रंथ लिहिला. लिंबूवर्गीय फळांवरचा जगातला पहिला स्वतंत्र ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. त्यातला तोडणी आणि साठवणीचा भाग आजच्या बागायतदारालाही ओळखीचा वाटेल. दोन-तीन रात्री दहिवर पडले की निरभ्र दिवशी माणसांच्या टोळ्या बागेत उतरत आणि लहान कात्रीने देठ सालीच्या बरोबरीने कापत. फळ टोपलीत अलगद ठेवत, कारण सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटल्या की ते लवकर नासते. दारूच्या वासाने फळ बिघडते अशी समजूत असल्यामुळे तोडणी करणारे दिवसभर दारूला शिवत नसत. साठवणीची खोली झाडून, फटी कागदाने चिकटवून वाराबंद करत, जमिनीवर भाताचा पेंढा पसरत आणि त्यावर फळांचे ढीग घालत. दर दहा दिवसांनी फळे उलटून-पालटून पाहायची आणि डाग पडलेले प्रत्येक फळ वेचून काढायचे. इतके करूनही शेवटी शेकडा पन्नास-साठ फळेच विक्रीला उरत. चांगल्या बागेतल्या, काळजीने हाताळलेल्या मालाचा हा हिशेब आहे. फळ टिकवण्यासाठी माणसाने पुढे एवढी खटपट का केली याचे उत्तर त्यात आहे.

बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिण चीनमधली संत्री आणि लिंबे मेणाचा लेप देऊन उत्तरेकडच्या राजधानीला पाठवली जात, असे खाद्यलेपांच्या इतिहासात सर्वत्र नोंदलेले आहे. मेणाने पाणी अडे, पण जाड थरामुळे श्वासही कोंडे आणि फळे आतून आंबत. लेपाचा पहिला मोठा प्रयोग असा अर्धा यशस्वी ठरला. कोंडण्यामागचे कारण मात्र आणखी सहाशे वर्षांनी उलगडायला लागले. १८२१ मध्ये फ्रान्सच्या मोंपेलिए शहरातल्या झाक एतिएन बेरार याने दाखवून दिले की तोडलेली फळे ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या हवेत ती पिकत नाहीत. फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला त्यासाठी पारितोषिक दिले. व्यापाऱ्यांनी मात्र तिकडे शंभर वर्षे लक्ष दिले नाही.

मेणाचा आधुनिक उद्योग उभा राहिला तो कॅलिफोर्नियात. १८७३ मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या बिनबियांच्या संत्र्याची कलमे रिव्हरसाइड इथे लावली गेली आणि काही दशकांत तिथे संत्र्याचा प्रचंड व्यापार उभा राहिला. माल रेल्वेने पूर्व किनाऱ्यापर्यंत जाई आणि वाटेत निळ्या-हिरव्या बुरशीने सडे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले जी. हॅरोल्ड पॉवेल यांनी बागेपासून डब्यापर्यंत मालाचा पाठपुरावा केला आणि १९०८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोष हवेचा किंवा रेल्वेचा नव्हता. कात्रीचे टोक, लांब राहिलेला देठ, मजुरांची नखे, पेटीतले खडे यांनी सालीवर पडलेल्या बारीक जखमांतून बुरशी आत शिरत होती. हान यान्झीने जे सांगितले होते तेच पॉवेल यांनी आकड्यांनी सिद्ध केले. तोडणारा हात जपून चालला तर सड कितीतरी कमी होते, आणि जखमी फळाला कुठलाही लेप वाचवू शकत नाही. हा धडा तेव्हाइतकाच आजही लागू आहे.

पॅकिंगच्या गोदामात संत्री ब्रशाखाली धुतली जात. धूळ आणि काजळी जाई, पण फळाचे स्वतःचे मेणही घासून जाई आणि धुतलेले फळ लवकर सुके. निघालेल्या मेणाच्या जागी दुसरे मेण द्यावे, या गरजेतून १९२२ च्या सुमारास ब्रॉगडेक्स कंपनीची पद्धत बाजारात आली. बुरशीविरुद्ध बोरॅक्सच्या पाण्यात बुडवणे आणि नंतर पॅराफिन मेणाचा अतिशय पातळ थर देणे हे तिचे स्वरूप होते. या पद्धतीतून एक प्रसिद्ध खटला उभा राहिला. सालीत बोरॅक्स मुरवलेले संत्रे ही नवी निर्मिती आहे, म्हणून त्यावर पेटंट मिळावे असा कंपनीचा दावा होता. २ मार्च १९३१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बोरॅक्स लावल्यावरही संत्रे हे संत्रेच राहते. त्याचे नाव, रूप आणि उपयोग बदलत नाही, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. १९८० मध्ये आनंद चक्रवर्ती यांच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवाणूच्या पेटंटचा निकाल देताना याच न्यायालयाने संत्र्याच्या खटल्याचा आधार घेतला. निसर्गाची वस्तू कुठे संपते आणि माणसाची निर्मिती कुठे सुरू होते, या वादात संत्र्याच्या सालीला असे कायमचे स्थान मिळाले.

१९३० च्या दशकात वितळलेल्या पॅराफिनचे लेप सफरचंद, पेअर आणि संत्र्यावर सर्रास वापरले जाऊ लागले. पॅराफिन खनिज तेलातून येते. वनस्पतीच्या मेणाकडे व्यापार वळला तो पुढच्या दोन दशकांत, आणि त्यात मुख्य ठरले कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पियाउई, सिआरा आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या कोरड्या प्रांतांत कोपर्निशिया प्रुनिफेरा नावाचा ताड वाढतो. पावसाळा संपला की कडक उन्हापासून पाणी वाचवण्यासाठी तो पानांवर मेणाचा थर साठवतो. मजूर लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या कोयत्याने पाने उतरवतात आणि काही दिवस उन्हात वाळवतात. मग ती झोडपली की मेण भुकटीच्या रूपाने झडते. ते वितळवून, गाळून त्याच्या वड्या पाडतात. हे मेण ८० अंशांच्या वर वितळते, म्हणजे वनस्पतींच्या मेणांत ते सर्वांत कठीण मेणांपैकी एक आहे. सुरुवातीला त्याला मागणी होती ती फरशी, बूट आणि मोटारींच्या पॉलिशसाठी. अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये या ताडाच्या शोधात स्वतः विमानाने ब्राझीलला गेले होते.

कार्नोबा वितळवून लावणे अवघड होते. १९५० च्या दशकात त्याचे बारीक कण पाण्यात मिसळून दुधासारखे इमल्शन करण्याची रीत रुळली, आणि फळ बुडवणे किंवा त्यावर फवारणे सोपे झाले. उन्हात टिकून राहण्याच्या धडपडीत ताडाने पानावर जमवलेले मेण आता दुसऱ्या झाडाच्या फळाचे पाणी राखू लागले. कार्नोबाचा थर पाणी चांगले अडवतो आणि वायूंना बऱ्यापैकी वाट देतो, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने तो आजही विश्वासाचा आहे. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या वाळवंटातल्या कँडेलिला या झुडपाचे मेणही त्याच्याच जोडीने वापरात आले.

बाजाराला मात्र चकाकी हवी होती. कार्नोबापेक्षा जास्त चकाकी शेलॅक देते, आणि शेलॅक हे भारताचे द्रव्य आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतात. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, बंगाल आणि महाराष्ट्रात गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या पट्ट्यात हे पीक निघते. जुन्या भट्टीत धुतलेल्या लाखेचे दाणे लांबलचक, अरुंद कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे धरत आणि पिशवी पिळत. पाझरलेली लाख गरम पाण्याने भरलेल्या मातीच्या नळकांड्यावर पसरवत. मग कारागीर तो ऊन थर उचलून हात, पाय आणि दात यांनी ताणत अंगाएवढा पातळ पडदा करी. हा पडदा फोडून केलेल्या पापड्या म्हणजे शेलॅक. ग्रामोफोनच्या तबकड्या, लाकडाचे पॉलिश, गोळ्या-औषधांचे आवरण असा त्याचा प्रवास झाला. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम इथे लाख संशोधन संस्था सुरू झाली. प्लास्टिकच्या तबकड्यांनी लाखेची मोठी बाजारपेठ बंद केल्यानंतर तिला ज्या थोड्या जागा उरल्या त्यांतली एक फळांच्या सालीवर होती.

लाख झाडावर तयार होत असली तरी ती किड्याचा स्राव आहे. शुद्ध शाकाहाराची कडक व्याख्या पाळणाऱ्याला तिचा लेप वनस्पतीजन्य म्हणून खपवता येत नाही. व्यवहारातही त्याचे दोष आहेत. शेलॅकचा थर वायूंना फार कमी वाट देतो, त्यामुळे कोंडलेल्या फळाची चव बिघडते. शीतगृहातून काढलेल्या सफरचंदावर बाहेरच्या दमट हवेतले पाणी जमले की तो पांढरा पडतो. तरीही वॉशिंग्टन राज्यातल्या लाल सफरचंदांना तो अनेक दशके लावला गेला, कारण दुकानाच्या दिव्यांखाली ती फळे आरशासारखी चमकत. टिकवण्यासाठी सुरू झालेला लेप या काळात मुख्यतः दिसण्यासाठी वापरला गेला. ग्राहकाच्या मनात मेणाविषयी जो संशय बसला त्याचे मूळ तिथे आहे, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मेणाचे इमल्शन करायला वापरले जाणारे मॉर्फोलिन हे रसायन अमेरिकेत मान्य असले तरी युरोपीय संघात फळांवर चालत नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये वेगळ्या वाटेने उत्तर शोधले जात होते. केंब्रिजमध्ये १९२२ मध्ये उघडलेल्या शीत-तापमान संशोधन केंद्रात फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांच्या श्वसनाचा अभ्यास केला. पिकायला लागलेल्या फळाच्या श्वसनात एकदम उसळी येते हे त्यांनी दाखवले, आणि खोलीतला ऑक्सिजन कमी व कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवून ही उसळी लांबवता येते हेही. १९२७ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९२९ मध्ये केंट परगण्यात व्यापारी तत्त्वावरचे पहिले वायुगृह सुरू झाले. १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणारे सफरचंद फळ पिकवणारा इथिलीन वायू स्वतः सोडते हे सिद्ध केले. या कामामुळे लेपाकडे पाहण्याची नजरच बदलली. संपूर्ण खोलीचे वातावरण बदलण्याऐवजी एकेका फळाच्या आतले वातावरण त्याच्या सालीवरच्या थराने बदलता येईल का, असा प्रश्न आता विचारता येऊ लागला.

त्याचे पहिले पद्धतशीर उत्तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्येच मिळाले. साखर आणि वनस्पती तेलातली मेदाम्ले यांच्या संयोगातून बनणारे सुक्रोज एस्टर आणि सेल्युलोजपासून केलेले एक द्रव्य यांचे मिश्रण 'प्रोलाँग' या नावाने निघाले. पुढे 'सेम्परफ्रेश' हे त्याच जातीचे उत्पादन आले. केळ्यांवरच्या प्रयोगांत असे आढळले की हा लेप ऑक्सिजनला जितका अडवतो तितका कार्बन डायऑक्साइडला अडवत नाही. फळाच्या आत ऑक्सिजन घटतो, पण कार्बन डायऑक्साइड घातक पातळीपर्यंत साचत नाही. केळी हिरवी राहण्याचे दिवस वाढले. पाणी अडवण्याचे काम मात्र मेणाच्या मानाने कमी झाले. पेच तोच होता, फक्त दुसऱ्या बाजूने: मेण पाण्याला पक्के आणि श्वासाला अनिश्चित, तर साखरेचे आणि डिंकाचे लेप श्वासाला बेताचे आणि पाण्याला कच्चे.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत वनस्पतीतून मिळणारे जवळजवळ प्रत्येक चिकट द्रव्य फळावर लावून पाहिले गेले. फ्लोरिडातल्या विंटर हेवन इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेने त्यात पुढाकार घेतला. सेल्युलोजवर आधारलेले लेप, मक्यातल्या झेइन या प्रथिनाचा शेलॅकला पर्याय, निरनिराळ्या मेणांतून वायू किती वेगाने जातात याची मोजमापे हे सारे तिथले काम. १९९४ मध्ये क्रोक्टा, बाल्डविन आणि निस्पेरोस-कॅरिएडो यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने खाद्य लेप हा स्वतंत्र विषय म्हणून उभा केला. सुदानी बाभळीचा डिंक, गवार डिंक, स्टार्च, समुद्रशेवाळातले अल्जिनेट, फळांच्या सालीतले पेक्टिन यांच्यावर प्रबंधांचा ढीग झाला. त्यातले फार थोडे प्रयोगशाळेबाहेर पडले. प्रयोगशाळेत शंभर फळे बुडवून पंख्याखाली वाळवणे सोपे असते. दिवसाला शेकडो क्विंटल माल हाताळणाऱ्या गोदामात लेप काही मिनिटांत वाळला पाहिजे, फळे एकमेकांना चिकटता कामा नयेत, आणि शीतगृहाच्या ९० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत थर विरघळता कामा नये. पाण्यात सहज मिसळणारे डिंक नेमके इथेच कमी पडतात.

कोरफडीचा लेप यातला लक्षात राहणारा अपवाद. स्पेनच्या ओरिउएला इथल्या मिगेल एर्नांदेस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये द्राक्षांवर कोरफडीच्या गराचा लेप दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १ अंश तापमानाला लेप नसलेली द्राक्षे आठवड्याभरात उतरू लागली. लेप दिलेली ३५ दिवसांपर्यंत चांगली राहिली. त्यांचा रंग टिकला, देठ हिरवे राहिले, सूक्ष्मजंतूही कमी आढळले. द्राक्ष सालीसकट खायचे फळ आहे, त्यामुळे लेपाचा खाद्यपणा तिथे खरोखर कसाला लागतो.

एकविसाव्या शतकात संशोधनाची दिशा पुन्हा फळाच्या मूळ पापुद्र्याकडे वळली. कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे २०१२ मध्ये जेम्स रॉजर्स यांनी गेट्स फाउंडेशनच्या एक लाख डॉलरच्या अनुदानावर एपील ही कंपनी सुरू केली. वनस्पती तेलांतून काढलेली मोनोग्लिसराइड पाण्यात मिसळून फळावर फवारायची, म्हणजे वाळल्यावर क्यूटिनच्या जवळचा पातळ थर तयार होतो, ही तिची कल्पना. २०१८ मध्ये असा लेप दिलेली अॅव्होकॅडो अमेरिकी दुकानांत आली आणि २०१९ मध्ये युरोपीय संघाने साल काढून खायच्या काही फळांसाठी हे द्रव्य मान्य केले. मोनोग्लिसराइड तशी नवी नाहीत; पाव आणि आइस्क्रीममध्ये ती फार पूर्वीपासून वापरली जातात. तरी २०२३ मध्ये एपील याच नावाच्या एका ब्रिटिश सफाई-द्रवाचे माहितीपत्रक समाजमाध्यमांवर फिरले आणि फळांवर विष लावतात अशी अफवा जगभर पसरली.

भारतात फळांच्या शीतगृहाचा शास्त्रीय अभ्यास पुण्याजवळ गणेशखिंडीत झाला. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातले जी. एस. चीमा आणि डी. व्ही. करमरकर यांनी १९३० च्या दशकात तिथे हापूस आंब्याच्या साठवणुकीचे प्रयोग केले. हापूसच्या श्वसनावरचा करमरकर आणि जोशी यांचा लेख १९४१ चा आहे. मेणाचे काम पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे गेले. ही संस्था १९५० मध्ये सुरू झाली आणि १९५६ मध्येच तिथल्या संशोधकांनी आंब्यावर बुरशीनाशकयुक्त मेणाच्या लेपाचे निष्कर्ष मांडले. संस्थेचे 'वॅक्सॉल' हे इमल्शन पुढची अनेक वर्षे केळी, आंबा, संत्री यांच्यावर वापरून पाहिले गेले. आंब्याने इथेही हट्टीपणा दाखवला. लेप जाड झाला की हापूस नीट पिकत नाही, रंग चढत नाही, आणि ज्या स्वादासाठी तो विकत घ्यायचा तो स्वादच बिघडतो.

महाराष्ट्रात मेणाचा लेप खऱ्या अर्थाने रुजला तो विदर्भातल्या संत्र्यावर. वरुड-मोर्शीच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, आणि लेपाचे तंत्रही तिथल्यासारखेच संत्र्याच्या मागे आले. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपी, म्हणून लोकप्रिय. पण ती लवकर दबते, फाटते आणि सुकते. आंबिया बहाराचा माल थंडीच्या तोंडावर निघतो, त्याचे निभावते. मृग बहाराची तोडणी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे विदर्भाचे ऊन तापत असताना होते, आणि लांबच्या बाजारात पोचेपर्यंत फळ मलूल होते. १९८५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र सुरू झाल्यावर तोडणीपासून साठवणीपर्यंतची पद्धत आखली गेली. कोटिंग सेंटरवर क्रेटमधली फळे पाण्याच्या हौदात ओततात, फिरत्या ब्रशांखाली धुतात, पंख्याच्या झोतात कोरडी करतात, फवाऱ्याने मेण देतात, गरम हवेच्या बोगद्यातून वाळवतात आणि आकाराप्रमाणे वेगळी करून पेट्या भरतात. असा माल ६ ते ७ अंशांच्या शीतगृहात साधारण चार ते सहा आठवडे राहतो. कारंजा घाडगे, वरुड या भागांत अशी केंद्रे उभी राहिली, पंजाबात किन्नो संत्र्यासाठी तीच पद्धत आली. त्यातही हान यान्झीची कात्री विसरून चालत नाही. हाताने ओढून तोडलेल्या फळाची साल देठापाशी फाटते, आणि त्या फटीवर कितीही मेण बसवले तरी बुरशी आत जातेच.

भारतीय कायद्याप्रमाणे ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांचा लेप चालतो, आणि लेप दिलेल्या फळाच्या लेबलवर तसा उल्लेख करून मेणाचे नाव छापावे लागते. युरोपात हीच द्रव्ये ई-९०१, ई-९०३ आणि ई-९०४ या क्रमांकांनी ओळखली जातात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात कार्नोबाची मर्यादा किलोला ४०० मिलिग्रॅम आहे. सुरीने खरवडल्यावर निघालेला पांढरा चुरा विष नसतो. सफरचंदाचे स्वतःचे मेणही असेच निघते, आणि सुरीला कळत नाही की कोणते झाडाचे आणि कोणते गोदामातले. ते फक्त पेटीवरचे लेबल सांगू शकते. फळे किरकोळ दुकानात सुटी होताना ती पेटी मागेच राहते. म्हणून चकचकीत सफरचंद किंवा संत्रे घेताना गिऱ्हाइकाने दुकानदाराला पेटी दाखवायला सांगावी आणि मेणाचे नाव वाचूनच फळ पिशवीत टाकावे.